मदत हवी आहे: दुकानाच्या बोर्डवर रेफ्रिजरेटरमध्ये एक डी जास्त पडलाय

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे आणि लाजिरवाणं पण आहे, हसायचं तर हसून घ्या पण मग काहीतरी सुचवा.

अण्णांचं कराडला फ्रीज-एसी रिपेरिंगचं दुकान आहे. जुना फ्लेक्स उन्हानं पार पांढरा पडलेला, म्हणून या वेळी जरा बरा बोर्ड करू म्हटलं, काळ्या शीटवर ॲक्रिलिकची उठावदार अक्षरं, आत एलईडी. साडेसोळा हजार गेले. वरची ओळ मराठीत मोठी (2022 पासून छोट्या दुकानांनाही मराठी पाटी लागते आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा बारीक चालत नाहीत, त्यामुळे ती आधीच ठरली होती), आणि खाली इंग्रजीत रेफ्रिजरेटर रिपेअर्स. काल संध्याकाळी बोर्ड चढला, नारळ फुटला, पेढे वाटले, आणि समोरच्या क्लासला येणारी सातवीतली पोरगी पेढा खाता खाता म्हणाली, "ताई, यात डी नसतो."

बोर्डवर काय आहे बघा: आर ई एफ आर आय डी जी ई आर ए टी ओ आर. तेरा अक्षरं. पाहिजेत बारा.

आणि बोर्डवाल्यावर ढकलायची पण सोय नाही, कारण कागदावर लिहून फोटो मीच पाठवला होता. त्यानं बिचाऱ्यानं फोन करून विचारलं पण, "ताई, डी नक्की ना?" तर मी त्यालाच शिकवलं, "अहो दादा, फ्रीजमध्ये डी असतो की!" एमकॉम झालंय माझं. अण्णा एक शब्द बोलले नाहीत, आत गेले, भिंतीवरचं आयटीआयचं सर्टिफिकेट खाली काढलं, फडक्यानं पुसलं आणि परत अडकवलं. त्यावर रेफ्रिजरेशन लिहिलंय, डी कुठंच नाही. दहावीचा सगळा अभ्यास मी त्या सर्टिफिकेटखाली बसून केलाय.

तर प्रश्न असे की, नुसता डी काढला तर मधे दात पडल्यासारखं दिसतंय, आणि पुढची सात अक्षरं सरकवायची तर शीटला मागनं वायरची भोकं आहेत ती उघडी पडणार, बोर्डवाला नव्या शीटचे सहा हजार सांगतोय, तर स्वस्तात काही होईल का? दुसरं, बिलबुकं पण त्याच स्पेलिंगनं छापून आलीत, त्याचं काय करू? आणि फ्रीजमध्ये डी आहे तर रेफ्रिजरेटरमध्ये का नाही, हे कुणीतरी सांगाच, रात्रभर तेच डोक्यात आहे.

प्रतिसाद:
बिलबुकं टाकू नका हो, वापरून संपवा. दुकानाचं नाव, जीएसटी नंबर, कोड (जीएसटीत प्रत्येक कामाला नि मालाला ठरलेला आकडा असतो तो), रक्कम बरोबर असलं की झालं, रिपेरिंगचा 9987, फ्रीज विकलात तर 8418. स्पेलिंगवरून माझं एकही बिल आजवर कुणी परत केलं नाही, आणि माझ्या बिलांवर काय काय असतं ते इथं सांगत नाही.

प्रतिसाद:
ताई, मी इंग्रजी शिकवते. दर वर्षी निम्म्या वह्यांत हा डी असतो, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका. मूळ शब्द लॅटिनमधला फ्रिगस, म्हणजे थंडी, त्यात डी नाहीच. रेफ्रिजरेटरमध्ये जीच्या पुढे ई आहे, म्हणून तो जी आपसूक ज होतो, जसा जनरलमध्ये होतो. डीची गरजच नाही.
मग लोकांनी बोलताना मधलाच तुकडा उचलला, फ्रिज. तो लिहायचा कसा? एफ आर आय जी एवढंच लिहिलं तर फ्रिग वाचतील. पुढे ई लावला तर ऑब्लाइजसारखं फ्राइज होईल. इंग्रजीत छोट्या शब्दात आखूड स्वर आणि शेवटी ज आला की डीजीई लिहितात, ब्रिज, बॅज, लॉज, जज बघा. त्याच रांगेत फ्रिज जाऊन बसला. म्हणजे डी लागला तो पिल्लाला, आईला नाही. बायसिकलमध्ये के कुठंय? पण बाइकमध्ये आहेच ना. आणि हीच मुलं कॉलेजमध्ये आणि प्रिव्हिलेजमध्ये पण डी घालतात, तिथंही नसतो.

प्रतिसाद:
बाईंचं पटलं. अमेरिकेत फ्रिजिडेअर म्हणून फार जुना ब्रँड आहे, तिकडे कुठल्याही फ्रीजला लोक तेच म्हणायचे, आपल्याकडे कसं वनस्पती तूप म्हटलं की डालडा. त्या नावात पण जीच्या आधी डी नाही. बाकी आमच्या गल्लीतल्या बोर्डवर एफ आर ई ई झेड आहे, वर्षानुवर्षं, आणि त्याच्याकडे रांग असते.

प्रतिसाद:
अहो थांबा थांबा, शीट बदलू नका आणि डीला तर हात पण लावू नका! स्पेलिंग परत वाचा. पुढचे आर ई काढा, मागचे आर ए टी ओ आर काढा. काय उरलं? एफ आर आय डी जी ई. फ्रिज! अख्खा, बरोबर स्पेलिंगचा. डी चुकून पडला म्हणून जमतंय, बरोबर लिहिलं असतंत तर जमलं नसतं. डावीकडच्या भोकांवर बर्फाच्या फुलाचं स्टिकर लावा, उजवीकडे पाच अक्षरांच्या जागेत मोबाईल नंबरची पट्टी.

धागाकर्ती:
तुमच्या तोंडात साखर पडो. आत्ता कागदावर लिहून सात अक्षरं खोडून बघितली, खरंच उरतंय! बोर्डवाल्याला फोन केला, तो आधी पोट धरून हसला, मग म्हणाला सातशे रुपयात करून देतो, उद्या सकाळी येतोय. अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षरावर बोट ठेवत वाचलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पण क्लास सुटला की आधी त्या पोरीला विचारून घे."