मदत हवी आहे : बारा वर्षांच्या मुलासह केदारकंठा, मुक्काम कुठे वाढवावा?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आणि माझा बारा वर्षांचा मुलगा इंदूरहून उत्तराखंडातील केदारकंठ्याला (सुमारे 12,500 फूट) जाणार आहोत. सांकरी (जिथून चढण सुरू होते ते गाव), जुडा तलाव, पायथ्याचा तळ आणि मग शिखर असा नेहमीचा मार्ग ठरला आहे.

तयारी म्हणून दोन महिने दर रविवारी आम्ही जानापावची टेकडी चढतो. त्याच्या पाठीवर चार किलोची पिशवी असते आणि दम मलाच आधी लागतो. दिवाळीत कळसूबाईही (1,646 मीटर) झाले. त्यामुळे काळजी पायांची नसून उंचीची आहे. गेल्या उन्हाळ्यात मनालीहून मोटारीने काही तासांत रोहतांगला पोहोचल्यावर त्याचे डोके दुखू लागले आणि दोनदा उलटी झाली. खाली उतरताच तासाभरात तो पराठा मागू लागला. बालरोगतज्ज्ञांनी तपासून जाण्यास हरकत घेतलेली नाही. मात्र चढण सावकाश ठेवा आणि त्रास वाढल्यास शिखराचा हट्ट न धरता लगेच उतरा, असे बजावले आहे. औषधांचे मी त्यांच्याशीच ठरवीन.

येण्याजाण्याचा प्रवास धरून रजा नऊ दिवसांची असल्याने उंचीची सवय होण्यासाठी जास्तीचा मुक्काम एकच शक्य आहे. लहान मुलांना घेऊन हिवाळ्यात गेलेल्यांनी कृपया सांगावे : तो मुक्काम सांकरीला केलेला बरा की जुडा तलावाला, आणि शिखराच्या पहाटे मुलाला परत फिरवायचे झाल्यास सोबत उतरायला वेगळा वाटाड्या मिळतो का?