वाचकांचा सहभाग की वाचकांची हालचाल?

रात्रपाळी (धागाकर्ता)

वृत्तसंपादनाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आणि त्यांतली अलीकडची सगळी भिंतीवर टांगलेल्या एका पडद्यासमोर गेली. या क्षणी किती लोक कोणती बातमी उघडून बसले आहेत, हे त्यावर दिसते. चढत्या बातमीपुढे हिरवा बाण असतो, उतरत्या बातमीपुढे लाल. पहिल्या पानावर काय घ्यावे यावर पूर्वी संध्याकाळच्या बैठकीत कडाक्याचे वाद होत. आता वाद सुरू होतो न होतो तोच कोणीतरी मान वर करून पडद्याकडे पाहते आणि विषय मिटतो.

या आकड्यांना आमच्याकडे ‘एंगेजमेंट’ म्हणतात आणि त्याचा मराठी अनुवाद ‘वाचकांचा सहभाग’ असा केला जातो. माझा आक्षेप या अनुवादापासूनच सुरू होतो. पडद्यावर बोट टेकवणे, पान खाली सरकवणे, रागाचा चेहरा चिकटवणे ही वाचकाची हालचाल झाली. तिला सहभाग म्हणायचे ते केवळ ती मोजता येते म्हणून. फेसबुकने २०१७ पासून भावचिन्हांना साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन दिले होते, हे २०२१ मध्ये त्या कंपनीची अंतर्गत कागदपत्रे बाहेर आली तेव्हा जगाला कळले. रागाच्या चिन्हाचे वजन पुढे कमी करत करत २०२० मध्ये शून्यावर आणले गेले. परंतु मधल्या काळात कोणती बातमी किती जणांपुढे जाईल, हे अंशतः या वजनांवर ठरत होते. चीड आणणारी बातमी लांब पळते, हे उपसंपादकाला अंतर्गत कागदपत्रे न वाचताही समजते. दोन-चार मथळे लिहून झाले की हात आपोआप तसा वळतो.

दुसरा अनुभव व्हिडिओचा. लेखी मजकूर मागे पडणार आणि व्हिडिओच चालणार, अशी हवा होती, तेव्हा अनेक वृत्तसंस्थांनी लिहिणाऱ्यांना घरी पाठवून कॅमेरे घेतले. व्हिडिओ पाहण्याच्या सरासरी वेळेचा आपला आकडा दोन वर्षे फुगलेला होता, अशी कबुली फेसबुकने सप्टेंबर २०१६ मध्ये दिली. घरी गेलेल्यांपैकी फारच थोडे परत आले.

वाचक पत्रकारितेच्या जवळ आला, असे जे सांगितले जाते ते मला पटत नाही. जवळ आली आहे ती वाचकाच्या बोटांची नोंद.

तळटीप

धागाकर्त्यांच्या अनुभवाविषयी आदर राखून संपूर्ण असहमती नोंदवतो.

संध्याकाळच्या ज्या बैठकीची आपल्याला आठवण येते, तिच्यात वाचक नव्हताच. पाच-सहा माणसे वाचकाच्या वतीने अंदाज बांधत, आणि तो अंदाजसुद्धा खपाच्या आकड्यावर नजर ठेवूनच बांधलेला असे. न्यू यॉर्कचे ‘द सन’ हे दैनिक १८३३ मध्ये एका सेंटला विकले जाऊ लागले आणि १८३५ मध्ये त्याने चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसे दिसल्याची लेखमाला छापली. तेव्हा ना पडदा होता, ना बाण. सनसनाटीचा दोष तंत्रज्ञानाच्या माथी मारताना एवढे तरी ध्यानात ठेवावे.

राहिला सहभागाचा मुद्दा. ब्रिटनमध्ये २००९ साली खासदारांच्या खर्चाचे प्रकरण गाजले. संसदेने पावत्या आणि दावे जाहीर केले, ते साडेचार लाखांहून अधिक पानांचे. एवढा ढीग कोणत्याही वृत्तपत्राच्या चमूला उपसता आला नसता. ‘गार्डियन’ने तो जसाच्या तसा वाचकांपुढे ठेवला आणि प्रत्येक पानाशेजारी ‘यात विशेष काही नाही’पासून ‘याचा तपास करा’पर्यंत चार बटणे दिली. हजारो वाचकांनी पाने वाचून शेरे मारले. बोट टेकवणेच होते ते! मात्र त्याआधी त्या माणसाने एका खासदाराची अख्खी पावती वाचलेली होती. याला आपण हालचाल म्हणणार का?

२०१४ साली युक्रेनवर एमएच-१७ हे प्रवासी विमान पाडले गेले, तेव्हा क्षेपणास्त्रवाहू ट्रेलर कोणत्या रस्त्याने गेला हे ‘बेलिंगकॅट’ या शोधपत्रकारांच्या गटाने सामान्य लोकांनी सहज टाकलेल्या छायाचित्रांवरून आणि चित्रफितींवरून जुळवले. एका छायाचित्रातील फलक, दुसऱ्यातील झाडांची रांग, सावलीची दिशा, यांवरून जागा आणि वेळ ठरवली गेली. ही पत्रकारिता छापील काळात अशक्य होती, कारण तिचा कच्चा मालच वाचकांच्या खिशात होता.

अर्धविराम

तळटीप यांनी निवडलेली दोन्ही उदाहरणे चोख आहेत. तीच तर माझी अडचण आहे. चांगली उदाहरणे नेहमी तीच ती येतात.

एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, त्यानंतर रेडिट या चर्चामंचावर हजारो लोक अशीच छायाचित्रे तपासत बसले होते. फलक, सावल्या, पाठीवरच्या पिशव्या, सगळे तेच. त्यांनी एका बेपत्ता विद्यार्थ्याला संशयित ठरवले. काही पत्रकारांनी ते नाव पुढे पसरवले. कुटुंबावर दूरध्वनींचा भडिमार झाला. त्या मुलाचा स्फोटांशी काडीचाही संबंध नव्हता आणि तो आधीच मरण पावलेला होता, हे काही दिवसांनी कळले. पद्धत तीच, हेतूही वाईट नव्हता. फरक एवढाच की निष्कर्ष जाहीर करण्यापूर्वी ‘थांबा’ म्हणणारा कोणी तिथे नव्हता. आपण ज्या पाच-सहा माणसांच्या बैठकीला हसलात, तिचे निम्मे काम थांबवण्याचेच असे.

आणि वाचक म्हणजे नेमके कोण? अमेरिकेतील एनपीआर या नभोवाणी संस्थेने २०१६ मध्ये आपल्या संकेतस्थळावरील प्रतिक्रिया बंद केल्या, तेव्हा दिलेला हिशेब असा होता: एका महिन्यात सुमारे ३ कोटी ३० लाख लोक आले, प्रतिक्रिया लिहिणारे १९,४००. म्हणजे ०.०६ टक्के. एवढ्यांचा आवाज हा वाचकांचा आवाज समजायचा असेल, तर जुनी ‘वाचकांची पत्रे’ काय वाईट होती? त्याच वर्षी ‘गार्डियन’ने आपल्याकडील ७ कोटी प्रतिक्रिया तपासल्या. सर्वाधिक शिवीगाळ सोसणाऱ्या दहा लेखकांत आठ स्त्रिया होत्या आणि उरलेले दोघे कृष्णवर्णीय पुरुष. या सहभागामुळे कोण लिहायचे थांबले, याची नोंद मात्र कोणत्याही पडद्यावर उमटत नाही.

सरासरी_नको

माझे काम या आकड्यांचेच असल्यामुळे दोन्ही बाजूंना थोडे टोचणारे लिहितो.

आकडे वाईट नसतात. आपण त्यांना जो प्रश्न विचारतो तो बहुधा आळशी असतो. एका शोधबातमीचा सरासरी वाचनकाळ ५० सेकंद आला आणि संपादकांनी ‘लांब मजकूर कोणी वाचत नाही’ असा निकाल दिला, हे मी समोर बसून पाहिले आहे. मी तोच आकडा फोडून दाखवला. बहुतांश लोक पाच-दहा सेकंदांत निघून गेले होते, कारण मथळ्याने त्यांना भलतेच काही मिळेल असे वाटायला लावले होते. उरलेल्यांनी सहा-सात मिनिटे देऊन बातमी शेवटपर्यंत वाचली होती. ५० सेकंद वाचणारा माणूस त्या गर्दीत जवळपास कोणीच नव्हता. लेखाला शिक्षा झाली ती मथळ्याच्या अपराधाची.

हे दुर्मीळही नाही. वृत्तसंस्थांना हेच मोजमाप विकणाऱ्या ‘चार्टबीट’च्या प्रमुखांनीच २०१४ मध्ये लिहिले होते, की ५५ टक्के भेटींत लोक पानावर पंधरा सेकंदही लक्ष देऊन थांबत नाहीत, आणि मजकूर किती जणांनी पुढे पाठवला याचा तो किती वाचला गेला याच्याशी संबंध आढळत नाही. मोजपट्टी विकणाराच हे सांगतो आहे, तरी बैठकीत पुढे पाठवण्याचाच आकडा आधी विचारला जातो.

रात्रपाळी

सरासरीविषयीचे म्हणणे मान्य. आमच्याकडेही असे निकाल दिले गेले आहेत आणि त्यांपैकी काही मीच दिले आहेत.

तळटीप यांच्या खासदारांच्या उदाहरणावर मी दोन दिवस विचार केला. तिथे वाचकाला ‘तुम्हाला काय वाटते?’ असे विचारलेच नव्हते. ‘या कागदात काय आहे?’ असे विचारले होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागद न वाचता देता येते, दुसऱ्याचे देता येत नाही. आमच्या बातम्यांखाली मात्र पहिलाच प्रश्न छापलेला असतो, कारण त्याला उत्तरे भरपूर येतात.

मध्यंतरी एका सरकारी खरेदीवरील बातमीखाली आम्ही मुद्दाम वेगळा मजकूर टाकून पाहिला: ‘आपण अशा निविदांचे काम केले असल्यास अट क्रमांक ७ नेहमीची आहे का, ते आम्हाला कळवा.’ अकरा पत्रे आली. त्यांतली सहा निव्वळ संताप व्यक्त करणारी होती, तीन विषयाला सोडून होती. उरलेल्या दोघांनी, त्यांपैकी एक निवृत्त लेखापाल, ती अट कोणासाठी कशी घातली जाते हे तारीखवार समजावले आणि दुसरी बातमी त्यातून उभी राहिली. पहिली बातमी त्या दिवशी पडद्यावर चौदाव्या क्रमांकावर होती.

तळटीप

म्हणजे आपण माझ्याच बाजूला आलात, फक्त कुरकुरत आलात!

दोन पत्रांवर वृत्तसंस्था चालत नाही, हे आपण म्हणण्याआधी मीच म्हणतो. पण तिचा खर्च कोण देतो यावरही तिने कोणता प्रश्न विचारायचा हे ठरते. जाहिरातदार पैसे देत असेल तर चौदावा क्रमांक हे अपयश. नेदरलँड्समधील ‘दे करस्पाँडंट’ २०१३ मध्ये वाचकांच्या वर्गणीतून, जाहिरातींशिवाय उभे राहिले. तिथे बातमीदाराने काय शोधत आहोत हे आधीच सभासदांना सांगायचे आणि जाणकारांनी माहिती पुरवायची, अशी रीत आहे. तिथला निवृत्त लेखापाल हाच खरा ग्राहक.

अर्धविराम

त्याच संस्थेची इंग्रजी आवृत्ती २०२० अखेरीस बंद करावी लागली, हेही लिहायला हवे होते. शिवाय वर्गणीदारसुद्धा मालकच असतो. जाहिरातदाराला दुखवायचे नाही हे दडपण जाऊन वर्गणीदाराला दुखवायचे नाही हे येते, आणि हे अधिक अवघड आहे, कारण त्याची मते आपल्याला पटलेली असतात. त्यातून पैसे न देऊ शकणाऱ्याच्या वाट्याला वर्गणीच्या भिंतीबाहेरचा फुकट मजकूर, म्हणजे पुन्हा रागाच्या चिन्हांचाच माल उरतो.

फुकट मजकुराची वाटही आपल्या हाती नाही. बातम्या दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी वृत्तसंस्थांना मोबदला द्यावा असा कायदा कॅनडाने २०२३ मध्ये केला, तर फेसबुकची मालक कंपनी मेटाने त्या देशात फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दाखवणेच थांबवले. तिथल्या वाचकांचा सहभाग त्यामुळे एकाएकी संपला असे समजायचे का?

सरासरी_नको

संपला नसेल, पण कळायला मार्ग नाही. बंद झालेल्या खिडकीतून कोण डोकावणार होते हे आमच्या यंत्रात येत नाही. रात्रपाळी यांना एक विनंती: त्या अकरा पत्रांचा आणि दुसऱ्या बातमीचा धागा कुठे जोडून ठेवला आहे का? पडद्यावर रकाना वाढवणे अवघड नाही. कोणत्या बातमीतून पुढची बातमी निघाली, एवढेच त्यात भरायचे.

रात्रपाळी

माझ्या वहीत आहे. रकाना जरूर वाढवा; मात्र त्यालाही हिरवा-लाल बाण लावू नका. नाहीतर आठवडाभरात प्रत्येक बातमीतून दुसरी बातमी निघू लागेल.