ऑड म्हणजे विषम का विचित्र?

परभणीकर: पोरगी सहावीला हाय. ऑड नंबर म्हणजे विषम संख्या शिकली आन् काल मलाच म्हणायली, पप्पा तुमचा शर्ट लय ऑड दिसायलाय. आता शर्ट विषम कसा बे? एकच शब्द दोन्हीकडं कसा काय?

लातूरची मास्तरीण: भाऊ, शब्द जुन्या नॉर्स, म्हणजे पूर्वीच्या नॉर्वे-आइसलँडकडच्या भाषेतला हाय, ओड्डी, म्हणजे त्रिकोणाचं टोक. खालचे दोन कोपरे जोडीचे आन् वरचं एकटंच, म्हणून बिनजोडीचं ते ऑड, आधी आकड्याला म्हणायचे आन् मग जोडीत न बसणाऱ्या कशालाबी. तिकडं मतं सारखी पडली की निकाल देणाऱ्या तिसऱ्या माणसालाबी ह्याच शब्दावरून नाव होतं. आपल्याकडच्या पंचाईतीत असा एक पायजेच होता 😀

नांदेडचा पंक्या: वीअर्ड म्हणजेबी विचित्रच, त्याचं तर ह्याहून भारी, जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नशीब. शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकातल्या त्या तिघी चेटकिणी वीअर्ड सिस्टर्स, म्हणजे भविष्य सांगणाऱ्या, विचित्र हा अर्थ मागून चिकटला. आन् आपलं विचित्र तरी कुठं सरळ हाय, संस्कृतात रंगीबेरंगीलाबी विचित्रच म्हणतात.

परभणीकर: मग पोरगी बरोबरच म्हणायली की राव, शर्ट पोपटी-गुलाबी चौकड्याचा हाय.