मदत हवी आहे: कातळशिल्पांच्या डिजिटल नोंदी वीस वर्षं टिकवायच्या आहेत

सडेकर:
रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या कातळशिल्पांच्या नोंदी आहेत. १.४ टीबी रॉ फोटो, मुलाखती, एक एक्सेल (सर्व्हे नंबर, जीपीएस, मापं) आणि जुन्या श्रीलिपीत (युनिकोडआधीचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) टाइप केलेली टिपणं. सगळं दोन एक्स्टर्नल डिस्कवर, दोन्ही एकाच कपाटात. पावसाळ्याआधी सगळं एसएसडीवर टाकलं तर भागेल का?

भरतीओहोटी:
नाही भागणार. एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिच्यातला चार्ज झिरपतो. कपाटात ठेवायला फिरती डिस्कच (साधी हार्ड डिस्क) बरी. तीन प्रती करा, वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्कवर, आणि त्यातली एक घाटावर पाठवा. खारी हवा एका कपाटातल्या दोन्ही डिस्कचे कनेक्टर एकदमच खाते. इथे हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. आकडा ५० टक्क्यांवर गेला की दाणे ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास सुकवा. एसीतून काढलेली डिस्क लगेच जोडू नका, दमट हवेत तिच्यावर पाणी धरतं.

पण डबा नंतर. कॉपी करण्याआधी प्रत्येक फाइलचा शा-२५६ हॅश (आतल्या डेटावरून निघणारा जणू तिचा अंगठ्याचा ठसा) काढा. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश ही आज्ञा आहे. यादी डेटाबरोबरच ठेवा. कॉपी झाल्यावर पुन्हा काढून जुळवा, मग दरवर्षी पावसाळा संपल्यावर. ‘कॉपी पूर्ण’ एवढ्यावर विसंबू नका, आतला एखादा बिट उलटला तरी फोल्डरची साइझ तेवढीच दिसते.

बोरूबहाद्दर:
माझ्या मते खरा धोका डिस्कचा नाही, एक्सेल आणि श्रीलिपीचा आहे.

एक्सेलमध्ये सर्व्हे नंबर १२/३ लिहिला की तो गुपचूप १२ मार्च होतो. नंतर रकाना टेक्स्ट केला तर पाच आकडी संख्या उरते, मूळ नंबर परत येत नाही. म्हणून रकाना आधी टेक्स्ट करा, मग भरा. तारखा २०१९-०४-०३ अशाच. शेवटी यूटीएफ-८ सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल) काढा, पण ती डबल-क्लिकने उघडून सेव्ह करू नका, पुन्हा तोच घोळ होतो. डेटा मेनूतून इम्पोर्ट करताना रकान्याला टेक्स्ट सांगा.

श्रीलिपीच्या फाइलीत देवनागरी नसतेच, फॉन्टचे कोड असतात. फॉन्ट गेला की उरतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. आज फॉन्ट चालतोय तोवर पीडीएफ-ए (दीर्घकाळ जपणुकीसाठीची पीडीएफ) काढा, फॉन्ट आत बसवून. मग युनिकोडमध्ये बदला आणि मुद्रितशोधन करा: रफार, पहिली वेलांटी, आणि ‘खाऱ्या’चं ‘खार्या’ होणं, चुका इथेच सापडतात. मूळ फाइल फेकू नका.

सडेकर:
झेनोडोवर (संशोधनाचा डेटा जपणारं ऑनलाइन भांडार) टाकावं का?

बोरूबहाद्दर:
निवडक टाका. एका नोंदीला ५० जीबीची मर्यादा आहे, पण डीओआय (नोंदीचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक) मिळतो. रॉ फोटोंसोबत टिफही द्या. ज्या सड्यांना (कातळाच्या उघड्या पठारांना) कुंपण नाही त्यांचे जीपीएस दोनच दशांशांपर्यंत द्या, म्हणजे साधारण किलोमीटरभराची संदिग्धता राहते. पूर्ण आकडे फक्त घाटावरच्या आणि डब्यातल्या प्रतींत. आणि हो, फोटोंच्या एक्झिफमध्येही (फोटो फाइलमध्ये दडलेल्या माहितीतही) तेच आकडे असतात, झेनोडोवर टाकायच्या प्रतींतून तेवढे आधी पुसा.