तिकिटावर बाई आली त्या दिवशी तुमच्याकडे काय बोलणं झालं?

अमेरिकेत मोठ्या पक्षांनी उपाध्यक्षपदासाठी आजवर तीनच बायका उभ्या केल्या: १९८४ साली डेमोक्रॅटांकडून जेराल्डीन फेरारो, २००८ साली रिपब्लिकनांकडून सेरा पेलिन आणि २०२० साली पुन्हा डेमोक्रॅटांकडून कमला हॅरिस. पहिल्या दोघी हरल्या, तिसरी निवडून आली. हा इतिहास सगळ्यांना पाठ आहे. मला हवंय ते वेगळंच. नाव जाहीर झालं त्या दिवशी तुमच्या घरात, गाडीत, ऑफिसच्या चहाला कोण काय बोललं? मत कुणाला दिलंत ते सांगायची सक्ती नाही. ट्रम्प-बायडन हाणामारी मात्र इथे नको, तिला इतर धागे मोकळे आहेत.

सुरुवात मीच करते. एडिसन, न्यू जर्सी. ११ ऑगस्ट २०२०, गोकुळाष्टमीचा दिवस. कोविडमुळे नवरा जेवणाच्या टेबलावर, लेक जिन्यात आणि मी ओट्याशी सुंठवडा करत. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज, "अभिनंदन! आपली!!" दुसरा, "आपली कशी? तमिळ आहे." तिसरा, "अर्धीच." चौथा, "वडील जमैकाचे." मग नवरा ज्यू असल्याचं निघालं, मग तिला स्वतःची मुलं नसल्याचं. वीसेक मिनिटांत तिची कुंडली मांडून झाली. ती सिनेटर आहे, त्याआधी कॅलिफोर्नियाची ॲटर्नी जनरल होती, हे एकानेही लिहिलं नाही. मीही नाही. मी नमस्काराची इमोजी टाकली आणि सुंठ पुन्हा चाळायला घेतली.

क्वीन्स, न्यूयॉर्क (आता निवृत्त)

माझं अमेरिकेतलं पहिलं मत १९८४ चं. आम्ही क्वीन्समध्ये एका इटालियन आजीबाईंच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. फेरारो म्हणजे क्वीन्सचीच खासदार, आडनाव इटालियन. १२ जुलैला मिनेसोटात डेमोक्रॅटांचे अध्यक्षपदाचे उमेदवार मॉन्डेल यांनी तिचं नाव जाहीर केलं. संध्याकाळी मी कामावरून आलो तर आजीबाई पायरीवर बसून रडत होत्या. मला वाटलं कुणी गेलं. तर म्हणाल्या, "आमच्यातली मुलगी." नंतर टोमॅटोची बरणी हातात दिली. आजवरची एकमेव फुकट बरणी.

ऑगस्टमध्ये फेरारोंच्या नवऱ्याच्या कर-कागदांचं प्रकरण निघालं. नवरा दाखवायला तयार नव्हता, तेव्हा फेरारो बोलून गेल्या की इटालियन नवरे असलेल्यांना हे काय असतं ते ठाऊक आहे. आमच्या आजीबाईंना ते अजिबात रुचलं नाही. शेवटी २१ ऑगस्टला फेरारोंनी पत्रकारांपुढे जवळजवळ दोन तास उभं राहून प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं. आमच्या ऑफिसातला एक रीगनवालासुद्धा (रीगन म्हणजे तेव्हाचे रिपब्लिकन अध्यक्ष, मॉन्डेलचे प्रतिस्पर्धी) म्हणाला, बाई दमदार आहे. आणि लगेच पुढे, "पण रशियाने बाँब टाकला तर?" हा प्रश्न तेव्हा जो तो विचारायचा. एका टीव्ही मुलाखतीत तर थेट तिलाच विचारला होता, अण्वस्त्राचं बटण दाबू शकाल का म्हणून. मिसिसिपीतल्या एका वयस्क पुढाऱ्याने विचारलं, ब्ल्यूबेरी मफिन करता येतात का? ती म्हणाली, येतात की, तुम्हाला?

नोव्हेंबरात मॉन्डेलना एक मिनेसोटा आणि वॉशिंग्टन डीसी. बाकी ४९ राज्यं रीगनची.

डेटन, ओहायो

पेलिनबाईंचं नाव आमच्याच गावात जाहीर झालं, २९ ऑगस्ट २००८ ला. कोण ही, हे डेटनमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. अलास्काची गव्हर्नर, तेही दोन वर्षंसुद्धा पुरी नाहीत. आई तेव्हा सांगलीहून आलेली. टीव्हीवर पाच मुलं बघून तिचा पहिला प्रश्न, "पाच लेकरं आणि राज्य चालवते? घरी सासू आहे का?" मी हसले. पण पुढचा आठवडाभर अमेरिकन चॅनेलांवर हेच चाललं होतं, फक्त त्यात सासू नव्हती. तिला निवडणारे अध्यक्षपदाचे उमेदवार मॅकेन बहात्तरचे, त्यांना सात मुलं. ती कोण सांभाळतं हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मी ओबामावाली. पण शेजारणीचं सांगायचंय. तिचा मुलगा डाउन सिंड्रोमचा, माझ्या मुलाच्याच स्कूलबसमध्ये. पेलिनचं धाकटं बाळही तसंच, तेव्हा चार-पाच महिन्यांचं. अधिवेशनात ते बाळ घरातल्यांच्या मांडीवरून मांडीवर फिरत होतं, धाकट्या बहिणीने तळव्याला थुंकी लावून त्याचे केस बसवले. दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर शेजारीण तेवढंच सांगत होती, हाताने करून दाखवत. राजकारणावर कधी चकार शब्द न काढणारी बाई, पण तिच्या हिरवळीवर मॅकेन-पेलिनचा फलक लागला.

पुढे ती मुलाखत झाली, कुठली वर्तमानपत्रं वाचता या प्रश्नाला पेलिनना एकही नाव घेता आलं नाही ती. मी बसस्टॉपवर जरा खवचटपणे विषय काढला. शेजारीण म्हणाली, "कॅमेरा लावला तर मलाही सुचणार नाही." माझं मत बदललं नाही. पण तो खवचटपणा मला अजून टोचतो.

सिॲटल

हिलरी क्लिंटन ओबामांकडून उमेदवारी हरल्या त्या २००८ मध्ये माझ्या हिलरीवाल्या मैत्रिणीला, पेलिनचं नाव आल्यावर, तिच्या बॉसने अगदी मनापासून विचारलं होतं, "आता तू खूश असशील ना? तुम्हाला बाई हवी होती, मिळाली." तिने उत्तर न देता कॉफी सिंकमध्ये ओतली.

सॅन होजे

थोडा विरोधी सूर. हॅरिसबाई आमच्या राज्यातल्या, त्यामुळे "आपली" वगैरे म्हणायच्या आधीच माहीत होत्या. शाळा बुडवणाऱ्या मुलांच्या पालकांवर खटले भरायच्या कायद्यामागे त्या होत्या. गरीब आयांना कोर्टाच्या फेऱ्या घालायला लावणारा कायदा, असं माझं मत तेव्हाही होतं. २०२० ला हे ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, "बायकांना बायकांचं कौतुक नसतं." मी स्वतः बाई आहे, म्हणजे संपलंच. मत दिलं, पण बायडनना. दोघांचं मिळून एकच मत असतं, उपाध्यक्षाला वेगळं देता-काढता येत नाही, म्हणून तिलाही गेलं.

अटलांटाजवळ

माझ्या नावात "ज्ञ" आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. आमचे तेव्हाचे रिपब्लिकन सिनेटर पर्ड्यू यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये मेकन शहरातल्या सभेत "कमला-माला-माला" अशी थट्टा केली. मजा म्हणजे आमच्याकडे घराघरात एक कमलआत्या, पण हिचं नाव आम्हालाही नीट येईना. ती स्वतः "कॉमा-ला" म्हणायला सांगते. बाबा म्हणाले, तिच्या आईने ठेवलंय, तिला हवं तसं म्हणू दे. मग महिनाभर फोनवर मतदारांना विनवण्या करताना मी मुद्दाम पूर्ण नाव घ्यायचे, तिचंही आणि माझंही. एका आजोबांनी माझं नाव तीनदा म्हणून पाहिलं आणि म्हणाले, "मी रिपब्लिकन आहे, पण एवढं तरी बरोबर म्हणतो." आमच्या जॉर्जिया राज्यात बायडन-हॅरिस ११,७७९ मतांनी जिंकले.

सातारा जिल्हा

मी अमेरिका पाहिलेली नाही, चालेल ना? आमच्या गावचं सरपंचपद महिला राखीव निघालं तेव्हा माझा फॉर्म सासऱ्यांनी भरला. फ्लेक्सवर माझा फोटो पासपोर्टएवढा, ह्यांचा पुरुषभर, आणि खाली नंबर ह्यांचा. निवडून आल्यावर ग्रामसेवकसुद्धा ह्यांनाच फोन करायचे.

टीव्हीवर हॅरिस दिसल्या तर सासरे म्हणाले, "उपाध्यक्ष म्हणजे उपसरपंच. मान आहे, सहीला किंमत नाही." मी वाचलेलं सांगितलं, की त्यांच्या सिनेटमध्ये समसमान मतं पडली की उपाध्यक्षाचं मत निर्णायक. आपल्याकडे ते सरपंचाचं असतं. सासरे थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मग ती सरपंचच की." त्यानंतरच्या मासिक सभेला मी रजिस्टर घरी मागवलं नाही, सहीला स्वतः गेले.

एडिसनहून पुन्हा मी

सातारकर ताई, दंडवत. सॅन होजेशी मी सहमत नाही, पण तो "बायकांना बायकांचं" वाला माणूस आमच्याही ग्रुपवर आहे. बहुधा प्रत्येक ग्रुपला एक जोडूनच देतात.

क्वीन्सचे काका, एक राहिलं. १९८४ ला तुम्ही मत कुणाला दिलंत? सक्ती नाही.

क्वीन्स, न्यूयॉर्क

सांगतो की. तेव्हा आमच्याकडे खटक्याची यंत्रं होती. मोठा दांडा ओढला की मागे पडदा लागायचा, मग नावावरचा छोटा खटका खाली करायचा. मी रीगनचा केला. आयकर कमी झाला होता, खोटं कशाला बोलू.

माझ्यानंतर सौ. आत गेली. बाहेर आल्यावर विचारलं, तू कुणाला? म्हणाली, "मग पडदा कशाला लावतात?" आज हा धागा तिला वाचून दाखवला आणि पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं.