सड्यावरचा चकवा: तुमचे अनुभव लिहा

कोकणातल्या सड्यावर ज्यांना रात्र पडली आहे, त्यांनी इथे जरूर लिहा. सडा म्हणजे जांभ्याचा उघडा माथा. झाड नाही, घर नाही, सगळीकडे एकसारखा कातळ. राजापूरकडे आमचे आजोबा बाजार करून सड्यावरून परतायचे. एका अवसेला त्यांना चकवा लागला. देवळातला दिवा समोर दिसतोय, ते चालताहेत, आणि पुन्हा त्याच करवंदीच्या जाळीपाशी येताहेत. तिसऱ्या फेरीला खाली बसले, सदरा काढून उलटा घातला, विडी पेटवली आणि उजाडेपर्यंत उठले नाहीत. सकाळी बघतात तर जाळीमागे दहा पावलांवर कडा तुटलेला. चकव्याने मला फिरवून राखलं, असं ते अखेरपर्यंत सांगत.

*

आम्ही मालवणकडचे. आमच्यात देवचाराचं, म्हणजे गावाची वाट राखणाऱ्या अदृश्य राखणदाराचं, नाव जास्त. मी आठ वर्षांची, आईबरोबर कातळावरून येत होते. मागून काठीचा आवाज, ठक, ठक. आई एवढंच म्हणाली, "मागे बघू नको. हाक इली तरी ओ देव नको." आवाज पाणंदीपर्यंत आला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी बाबांनी तिथे नारळ आणि विडीकाडी ठेवली, गाऱ्हाणं घातलं. आजही माहेरी गेले की मी तिथे हात जोडते. ती वाट आमची सोबत होती, भीती नव्हे.

*

मी भूगोल शिकवते. मुलांना घेऊन राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे या गावच्या सड्यावर गेले होते. तिथे कातळात आडव्या माणसाची आकृती कोरलेली आहे, आणि तिच्यावर होकायंत्र धरलं की सुई भलतीकडेच वळते. जांभ्यात लोह असतं हे मीच वर्गात सांगते, तरी अंगावर काटा आला. सोबतचा गुराखी म्हणाला, "आमी गुरं हिच्यावरनं नेत नाय." कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली, तोवर त्या पोराच्या आज्या-पणज्यांच्या धाकानेच ती शाबूत राहिली असावीत, असं मला मनापासून वाटतं.

*

सदरा उलटा घालायचं आमच्या लांज्यातही सांगतात. माझ्या मामाने घातला होता. वाट सापडली, पण कंदील जाळीत राहिला तो राहिलाच. आणायला कोणी गेलं नाही.