मदत हवी आहे: सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचारी-पेन्शनरांची आरोग्य योजना) कार्ड असताना खाजगी पॉलिसी किती ठेवावी?

वडील 67, आई 64, दोघांनाही मधुमेह. राहणं रत्नागिरीत. सीजीएचएसचं आजीवन कार्ड आहे (महिना 650 च्या स्लॅबनं 10 वर्षांची वर्गणी, 78,000 भरली). ओपीडीऐवजी महिना 1,000 वैद्यकीय भत्ता घेतात, त्यामुळे प्रश्न फक्त ॲडमिट होण्याचा. सीजीएचएसच्या पॅनेलवरची हॉस्पिटलं लांब, पुण्या-मुंबईला; रात्री-अपरात्री खरी गोची तिथेच.

10 लाखांची फॅमिली फ्लोटर (घरच्यांची मिळून एक खाजगी पॉलिसी) 5 वर्षं चालू, आधीच्या आजारांचा वेटिंग पीरियड (ज्या काळात त्यांचा क्लेम मिळत नाही) संपलेला. म्हणून बंद करायला हात धजत नाही. पोर्टिंगही (पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेणं) पाहिलं, पण नवी कंपनी मधुमेहावर नकार देऊ शकते.

बेस पॉलिसी कमी करून सुपर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या, म्हणजे डिडक्टिबलच्या, वरचा खर्च देणारी पॉलिसी) घेतला, तर सीजीएचएसनं हॉस्पिटलला परस्पर दिलेली रक्कम डिडक्टिबलमध्ये धरतात का? क्लेम केलेल्यांनी सांगा, कोणती कागदपत्रं लागली?